बंगालची बाग, कोकणची वाडी

कार्तिकी पौर्णिमा उलटली, की सिंधुदुर्गातल्या ग्रामदेवतांच्या जत्रांना प्रारंभ होतो, आणि पालखीची प्रदक्षिणा आटोपून खाज्याच्या दुकानांपुढची गर्दी ओसरू लागली, की देवळाच्या पटांगणात दशावताराचा खेळ उभा राहतो. त्या खेळापुढे उजाडेपर्यंत बसून राहणारा प्रेक्षक पुढे काय घडणार या उत्सुकतेने बसलेला नसतो. कारण कोणता दैत्य कोणाच्या हातून मरणार आणि कोणती पतिव्रता कोणत्या कसोटीला उतरणार, हे त्याला बालपणापासून ठाऊक असते. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती आणि संकासुर यांचा पूर्वरंग ठरलेला, त्यानंतरच्या आख्यानाचा सांगाडाही ठरलेला. परंतु संवादांची लिखित संहिता नसल्यामुळे नटाने ते उभ्याउभ्या, समोरच्या गावाचा रागरंग पाहून रचावयाचे असतात. साहजिकच वालावलकरांच्या मंडळीने एका जत्रेत केलेले आख्यान आणि मोचेमाडकरांच्या मंडळीने दुसऱ्या जत्रेत केलेले तेच आख्यान या दोन निरनिराळ्या कृती ठरतात, आणि सकाळी घराकडे परतताना त्या दोहोंची जी तुलना चालते, तीत कथानकाचा उल्लेखही नसतो. राजाचा दरबार कोणी खरा वाटावा असा भरविला आणि कोणी नुसता फेटा बांधून मिरविला, एवढाच त्या चर्चेचा विषय असतो.

एकाने रचलेली कथा दुसऱ्याने उचलावी आणि आपल्या रीतीने पुन्हा सांगावी, या व्यवहाराला आज चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या जगात रिमेक म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना बोलणाऱ्याच्या स्वरात बहुधा थोडी अवहेलना असते. त्यात कोणाला प्रतिभेचे दारिद्र्य दिसते, तर कोणाला निव्वळ बाजारी हिशेब दिसतो, आणि हे दोन्ही आक्षेप पुष्कळदा खरेही असतात. तथापि ज्या प्रेक्षकाला शेकडो वर्षे एकच आख्यान अनेक हातांतून पाहण्याची सवय आहे, त्याने या प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहण्यास हरकत नाही. कथा कोणाची, हा झाला मालकीचा मुद्दा. ती नव्या जागी जिवंत राहिली की नाही, आणि राहिली असल्यास कशाच्या बळावर, हा रसिकाच्या कामाचा मुद्दा होय.

या मुद्द्याचा विचार करावयास ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातली देवघेव सोयीची आहे. कारण तेथे भाषांतराची सबब मुळातच निकालात निघते. लंडनचे इंग्रजी न्यूयॉर्कला कळते, मूळ मालिका जशीच्या तशी दाखविता येते, आणि पुष्कळदा दाखविलीही जाते; असे असूनही गेली साठ वर्षे ब्रिटिश मालिका अमेरिकेत नव्याने बनविल्या जात आहेत. याचे एक कारण व्यापाराचे आहे. ब्रिटनमध्ये एखादा लेखक चार किंवा सहा भागांत आपली कथा सांगून मोकळा होतो, तर अमेरिकन वाहिन्यांना वर्षानुवर्षे चालेल असा ऐवज हवा असतो. ‘द ऑफिस’ ही मूळ ब्रिटिश मालिका अवघ्या १४ भागांत संपली, आणि तिचा अमेरिकन अवतार २००५ पासून २०१३ पर्यंत २०१ भाग चालला. परंतु दुसरे कारण याहून खोल आहे. भाषा एक असली तरी राज्ययंत्रणा, न्यायालये, वर्गभेद आणि वर्णभेद यांची घडण दोन देशांत निराळी आहे, आणि नाटक पेट घेते ते अशाच घडणीच्या घर्षणातून.

‘हाउस ऑफ कार्ड्‌स’चे उदाहरण घ्यावे. मायकेल डॉब्स यांच्या कादंबरीवरून बीबीसीने केलेली चार भागांची मालिका १९९०च्या नोव्हेंबरपासून दाखविली गेली, आणि नेमक्या त्याच दिवसांत मार्गारेट थॅचर यांच्या नेतृत्वाला त्यांच्याच पक्षातून आव्हान मिळून त्या पायउतार झाल्या. संसदीय पद्धतीत पंतप्रधान हा स्वपक्षाच्या खासदारांच्या मर्जीवर उभा असतो. म्हणून फ्रान्सिस अर्कहार्ट या पक्षप्रतोदाला चार भागांत, कुजबुज आणि कागाळ्या यांच्या जोरावर, पंतप्रधानपद गाठता येते. अमेरिकेचा अध्यक्ष मात्र ठराविक मुदतीसाठी निवडलेला असतो आणि केवळ पक्षाची मर्जी फिरली म्हणून तो जात नाही. त्यामुळे २०१३च्या अमेरिकन मालिकेतल्या फ्रँक अंडरवुडला आधी उपाध्यक्षपद पदरात पाडून घ्यावे लागते, आणि दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस तो कोठे अध्यक्षाच्या आसनावर बसतो. दोघेही प्रेक्षकाकडे वळून आपले कपट त्याच्या कानी घालतात, दोघांच्याही हातांना रक्त लागते. परंतु दोघांच्या वाटा निराळ्या आहेत, कारण दोन देशांच्या घटना निराळ्या आहेत. पहिल्या काही पर्वांत या रिमेकला जे यश आले, त्याचे मर्म या फेरजुळणीत आहे.

याहून धीट प्रयोग १९७२ साली झाला. ‘स्टेप्टो अँड सन’ ही १९६२ साली सुरू झालेली ब्रिटिश मालिका लंडनमधल्या एका भंगारवाल्या बापलेकांची होती. वर चढू पाहणारा मुलगा आणि त्याला खाली ओढणारा बाप यांच्या विनोदाखाली इंग्रजी वर्गव्यवस्थेची कोंडी दडलेली होती. अमेरिकेत तशा वर्गव्यवस्थेचा जाच तितक्या तीव्रतेने कोणास जाणवत नाही. तेथली खरी भिंत वर्णाची. म्हणून ‘सॅनफर्ड अँड सन’मध्ये हे भंगारवाले लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीतले कृष्णवर्णीय बापलेक झाले, आणि जुना विनोद नव्या दुःखावर जाऊन बसला.

उलट उदाहरणही याच परंपरेत सापडते. २०१३ साली ब्रिटनमध्ये गाजलेली ‘ब्रॉडचर्च’ ही डॉर्सेटच्या समुद्रकिनाऱ्यावर घडणारी आठ भागांची कथा: एका लहान गावात एका मुलाचा खून होतो, आणि ज्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो त्या गावाचा परस्परांवरचा विश्वास एकेका दिवसाने ढासळत जातो. पुढच्याच वर्षी ‘ग्रेसपॉइंट’ या नावाने तिचा अमेरिकन अवतार निघाला. नायकाच्या भूमिकेसाठी मूळचाच नट, डेव्हिड टेनंट, अमेरिकन उच्चार शिकवून आणला गेला. कॅलिफोर्नियाचा किनारा कल्पिला गेला, दहा भाग झाले, शेवटही थोडा फिरविला गेला, आणि एका पर्वात मालिका बंद पडली. मूळ कथेत सनसनाटी वृत्तपत्रे एका संशयिताच्या मागे लागून त्याचा जीव घेतात. हा उच्छाद ब्रिटिश सार्वजनिक जीवनाच्या अगदी अंतरंगातला आहे, आणि तो वेगळ्या भूमीवर तसाच नेला तेव्हा नुसता कथानकाचा एक टप्पा होऊन राहिला. कलम करणारा माळी हापूसची काडी कितीही अस्सल आणो, ती ज्या रायवळ खुंटावर बांधावयाची तो खुंट त्याच मातीत मुळे धरून असावा लागतो. ‘ग्रेसपॉइंट’च्या कर्त्यांनी काडी आणली, नटासह आणली, खुंट मात्र शोधला नाही.

ही देवघेव मुंबईपर्यंतही येऊन पोचली आहे. पीटर मॉफट यांची २००८ सालची ‘क्रिमिनल जस्टिस’ ही ब्रिटिश मालिका २०१६ साली ‘द नाइट ऑफ’ या नावाने न्यूयॉर्कला गेली, तेव्हा आरोपी पाकिस्तानी कुटुंबातला तरुण झाला आणि खटल्यावर तेथल्या धर्म-वंशाच्या संशयाची छाया पडली. २०१९ साली ती हिंदीत मुंबईस आली, तेव्हा पंकज त्रिपाठी यांच्या रूपाने पोलीस ठाण्यांच्या आवारात अशील शोधत फिरणारा किरकोळ वकील तिच्या केंद्रस्थानी सरकला. तुरुंग तीनही ठिकाणी आहे; परंतु तुरुंगाची भीती प्रत्येक समाजाला निराळ्या कारणाने वाटते, आणि ते कारण हुडकण्यातच या दोन रूपांतरकारांनी आपली बुद्धी खर्चिली.

आता आपल्या घराकडे वळू. इंग्रजी नाटके मराठीत आणण्याची परंपरा आगरकरांच्या ‘विकारविलसित’पासून देवलांच्या ‘झुंझारराव’मार्गे पु. ल. देशपांडे यांच्या १९७५ सालच्या ‘ती फुलराणी’पर्यंत अखंड दिसते, आणि तिच्याविषयी पुष्कळ लिहिलेही गेले आहे. परंतु अमेरिकेचे ब्रिटनशी जे नाते, त्याच्याशी अधिक जुळणारे मराठीचे नाते आहे ते बंगालीशी. या नात्याच्या एका शिल्पकाराचे शिक्षण मालवणात आणि रत्नागिरीत झाले होते. भार्गवराम विठ्ठल ऊर्फ मामा वरेरकर हे टपाल खात्यातले नोकर; ‘हाच मुलाचा बाप’ आणि ‘सत्तेचे गुलाम’ या नाटकांनी त्यांचे नाव झाले, परंतु शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कादंबऱ्या त्यांनी ज्या निष्ठेने मराठीत आणल्या, त्यामुळे शरद्‌बाबू हे मराठी घरांतल्या दोन पिढ्यांना जणू आपलेच लेखक वाटू लागले. त्याच वाटेने आजच्या मालिका येतात. ‘श्रीमयी’ ही बंगाली मालिका २०१९च्या मध्यास सुरू झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस तिची ‘आई कुठे काय करते’ झाली, आणि २०२० साली हिंदीत ‘अनुपमा’. घरासाठी राबून राबून घरातच नगण्य ठरलेल्या गृहिणीची ही कथा बंगालीत सुमारे अडीच वर्षांत संपली, मराठीत जवळजवळ पाच वर्षे चालली, आणि हिंदीत तर त्याहूनही लांबली. ज्या कथेचा सारा अर्थ नायिकेने उंबरठा ओलांडण्यात आहे, तिला बाजाराच्या आग्रहाखातर पुन्हापुन्हा त्याच उंबरठ्याशी आणून उभे करावे लागते, हा लांबणीचा दोष ब्रिटिश मालिकांच्या अमेरिकन अवतारांइतकाच आपल्याकडेही दिसतो.

परंतु बंगालहून आलेल्या कथेने कोकणात मूळ धरल्याचे सर्वांत बोलके उदाहरण मालिकेचे नाही, चित्रपटाचे आहे. मनोज मित्र हे बंगाली रंगभूमीवरचे नाटककार आणि नट. त्यांचे ‘साजानो बागान’ हे नाटक १९७७च्या सुमारास ‘सुंदरम’ या त्यांच्या संस्थेने रंगभूमीवर आणले. तपन सिन्हा यांनी त्यावरून १९८० साली ‘बांछारामेर बागान’ हा चित्रपट काढला. ‘बगिया बांछाराम की’ या नावाने ते हिंदी रंगभूमीवर वर्षानुवर्षे खेळले गेले. आणि २०१३ साली आदित्य सरपोतदार यांच्या दिग्दर्शनाखाली, गुरू ठाकूर यांच्या लेखणीतून, ते ‘नारबाची वाडी’ होऊन मराठी पडद्यावर आले.

कथेचे बीज थोडक्यात असे. एका म्हाताऱ्याने, बंगालीतल्या बांछारामने किंवा मराठीतल्या नारबाने, आपल्या हातांनी फुलविलेली बाग आहे, आणि गावच्या सत्ताधीशाला ती हवी आहे. त्या सत्ताधीशाच्या हयातीत जे साधले नाही ते त्याचा मुलगा युक्तीने साधू पाहतो. तो म्हाताऱ्याशी करार करतो, की तहहयात दरमहा ठराविक रक्कम मी देईन, आणि तुझ्या मृत्यूनंतर बाग माझी होईल. म्हातारा आज-उद्याचा सोबती दिसत असतो, तेव्हा सौदा स्वस्तातला वाटतो. परंतु महिन्याच्या महिन्याला पैसा हाती येऊ लागला, पोटात अन्न जाऊ लागले, नातू आणि नातसून यांच्या येण्याने घर भरले, तसतशी म्हाताऱ्याला टवटवी येत जाते, आणि त्याच्या मरणाकडे डोळे लावून बसलेला धनको मात्र खंगत जातो.

असा करार ही नाटककाराची निव्वळ कल्पना आहे असे कोणास वाटेल, तर त्याने फ्रान्सकडे पाहावे. तेथे घर अशा रीतीने विकत घेण्याची कायदेशीर वहिवाटच आहे. आर्ल गावच्या झान काल्माँ या ९० वर्षांच्या वृद्धेशी १९६५ साली एका नोटरीने असाच करार केला आणि दरमहा २५०० फ्रँक देण्यास आरंभ केला; तीस वर्षे हप्ते भरून, घराच्या किमतीच्या दुपटीहून अधिक पैसे देऊन, १९९५ साली तो गृहस्थ ७७व्या वर्षी वारला, त्याच्या पत्नीने हप्ते पुढे चालू ठेवले, आणि काल्माँबाई १९९७ साली १२२ वर्षे जगून गेल्या. दुसऱ्याच्या मरणावर लावलेला पैसा बुडाला की माणसांना सर्वत्र हसू येते. म्हणूनच हे कथाबीज कोणत्याही देशात रुजण्याजोगे आहे. परंतु हसणारा कोणावर हसतो, हे त्या त्या भूमीच्या इतिहासावर ठरते, आणि बंगाल व कोकण यांचा फरक येथूनच सुरू होतो.

बंगालचा जमीनदार हा कॉर्नवॉलिसने १७९३ साली केलेल्या कायमधाऱ्याचे अपत्य. सरकारजमा एकदाची कायम ठरली, आणि तिच्यावर कुळांकडून जे काही वसूल होईल ते जमीनदाराचे झाले; त्यातून मोठमोठ्या इस्टेटी, त्यांचे नायब-गोमस्ते आणि बापजाद्यांच्या ऐषारामी हवेल्या उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर १९५३च्या कायद्याने पश्चिम बंगालमधली जमीनदारी गेली. परंतु अंगात मुरलेला तोरा कायद्याने जात नाही. मित्र यांनी नाटक लिहिले तो काळ लक्षात घ्यावा. १९७७च्या जूनमध्ये तेथे डाव्या आघाडीचे सरकार आले, आणि १९७८ पासून बटाईदारांची नावे सरकारदप्तरी नोंदविण्याची मोहीम निघाली. जमीन कोणाची, कसणाऱ्याची की कागदावर नाव असलेल्याची, हा प्रश्न घरोघर पेटलेला होता. अशा वेळी छकडी हा जमीनदार मरतो, भूत होतो, आणि बागेच्या लोभाने तेथेच घुटमळत राहतो, ही कल्पना केवळ गमतीची राहत नाही. कायद्याने मेलेली जमीनदारी भूत होऊन जागेवरच बसली आहे, हे त्या हास्यातले राजकीय सत्य बंगाली प्रेक्षकाला तत्काळ उमगले असले पाहिजे. चित्रपटात छकडी आणि त्याचा पुत्र नकडी या दोन्ही भूमिका दीपंकर दे यांनी केल्या आहेत. बाप गेला तरी तोंडवळा तोच राहतो, हे सांगण्यास याहून सोपा उपाय नव्हता.

कोकणात जमीनदार नव्हता, खोत होता. आणि या दोहोंत मोठे अंतर आहे. खोत म्हणजे गावचा महसूल सरकारात भरण्याची जबाबदारी घेतलेला वतनदार. रत्नागिरी जिल्ह्यात, ज्यातून १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाला, आणि कुलाबा जिल्ह्यात ही पद्धत मुरलेली होती. १८८० साली इंग्रज सरकारने खास खोतीचा कायदा करून तिला लेखी बैठक दिली. खोताची सत्ता बहुधा एकदोन गावांपुरती, परंतु म्हणूनच ती अंगाला अधिक चिकटणारी होती. तो त्याच गावात राहणार, त्याच देवळात मानाचा नारळ घेणार, कुळाच्या पिकातला वाटा खळ्यावर उभा राहून मोजून नेणार, वेठीला माणसे बोलावणार, आणि कुळाच्या घरी कोण आजारी आहे हेही त्याला ठाऊक असणार. या पद्धतीविरुद्ध अलिबागजवळच्या चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जो संप पुकारला तो सहा वर्षे चालला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आणि अखेर १९४९च्या कायद्याने खोती गेली.

‘नारबाची वाडी’च्या कर्त्यांनी जमीनदाराच्या जागी खोत बसविला, तेव्हा त्यांनी नुसते नाव पालटले नाही, दोन पक्षांतले भांडण दिवाणखान्यातून अंगणात आणले. मनोज जोशी यांनी उभा केलेला खोत हा गावच्या पायवाटेवर रोज भेटणारा माणूस आहे. त्याचा लोभ, त्याची अगतिकता आणि त्याचा खोटा रुबाब या तिन्ही गोष्टी गावाला पाठ आहेत. कोकणी माणसाचा विनोद अशा जवळिकीतूनच उपजतो. सत्तेला थेट विरोध न करता, हांजी हांजी करीत, तिरकस बोलून तिची हवा काढावयाची, ही मालवणी गजालींची रीत आहे, आणि चित्रपटाच्या मालवणी वळणाच्या बोलीला ती उपजतच साधते.

दुसरा फरक बागेचा. बांछारामची बाग ही त्याच्या कष्टांचे प्रतीक आहे. उजाड जमिनीवर त्याने फळे-फुले उभी केली, एवढे सांगितले की तिचे प्रयोजन पुरते. कोकणची वाडी ही मात्र एक पूर्ण अर्थव्यवस्था असते. पाटाने शिंपलेले माड, त्यांच्या सावलीतल्या पोफळी, पोफळींवर चढलेल्या मिरवेली, कडेला रातांबा, फणस आणि केळी. आणि या साऱ्यांत माडाचे स्थान निराळे, कारण तो वर्षातून एकदा फळ देऊन स्वस्थ बसत नाही. बाणवली जातीचा माड लावल्यापासून सहा-आठ वर्षांनी धरू लागतो, आणि एकदा धरला की जवळजवळ महिन्याला एक पेंड देत साठ-सत्तर वर्षे उभा राहतो. त्याच्या झावळांचे झाप होतात, हिरांच्या केरसुण्या होतात, सोडणाचे सुंभ होते, करवंटीची डवली होते. खोत नारबाला दरमहा जो पैसा देऊ करतो, तो तनखा माड त्याला आधीपासूनच देत आलेला आहे. माड लावणारा माणूस तो स्वतःसाठी लावीत नाही, नातवासाठी लावतो. त्यामुळे नातू घरी परतल्यावर म्हाताऱ्याला जगण्याची हाव सुटावी, हे बंगाली कथेतले वळण कोकणात येऊन अधिकच सहज होते. भुताविषयीही तेच म्हणता येईल. ज्या मुलखात प्रत्येक वाडीला राखणदार असतो आणि वर्षाकाठी त्याची राखण द्यावीच लागते, तेथे जमिनीवर अदृश्याचा हक्क असतो ही गोष्ट प्रेक्षकाला पटवून द्यावी लागत नाही.

तिसरा फरक नटांचा, आणि तुलना करणाऱ्याला तो सर्वांत रंजक वाटेल. मनोज मित्र यांचा जन्म १९३८चा. म्हणजे पडद्यावर जराजर्जर बांछाराम साकारला तेव्हा ते चाळिशीच्या आसपास होते. त्यांचे कंबरेतून मोडलेले चालणे, बोळक्या तोंडाचे बोलणे, बागेच्या कुंपणाशी गुरगुरणे, हे सारे रंगभूमीवर घोटून सिद्ध केलेले आहे. त्यात म्हातारपणाचे एक भव्य सोंग आहे, आणि सोंग असल्याची मिस्कील जाणीवही आहे. दिलीप प्रभावळकर यांचा जन्म १९४४चा; नारबा साकारताना ते स्वतःच सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. चिमणरावापासून तात्या विंचूपर्यंत सोंगे सजविण्यात ज्याचा हात धरणारा नाही, त्या नटाने येथे सोंग आवरते घेतले आहे. नारबाचा लोभसपणा त्याच्या डोळ्यांत आहे आणि त्याचा हट्ट त्याच्या बसण्यात आहे. बांछाराम मरणाला फसवितो, तर नारबा मरणाशी गप्पा मारीत त्याला दारात ताटकळत ठेवतो, असा काहीसा भेद दोघांत जाणवतो. दोहोंतला कोणता श्रेष्ठ, याचा निवाडा मी बांछारामच्या बाजूने देईन, कारण त्याच्या हसण्यात दात आहेत; परंतु प्रेम मात्र नारबावर बसते, हेही नाकारता येणार नाही.

आणि मराठी रूपांतराचे उणे येथेच आहे. बंगाली कृती आपल्या काळाशी भांडत होती. मराठी कृतीने कथा खोताच्या जमान्यातच ठेवली, आणि २०१३ साली खोत जाऊन साठ वर्षे उलटली होती. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्यानंतर वाडीवर डोळा ठेवणारा माणूस पालखीचा मान घेणारा राहिलेला नाही, तो मोटारीतून उतरून सातबाऱ्याचा उतारा मागणारा दलाल आहे, आणि उताऱ्यावरच्या अनेक हिस्सेदारांपैकी निम्मे मुंबईला स्थायिक झालेले असल्यामुळे त्याचे काम खोतापेक्षा सोपे आहे. ‘नारबाची वाडी’ पाहताना चाकरमान्याच्या डोळ्यांत जे पाणी येते, त्यात आपण विकलेल्या किंवा ओसाड टाकलेल्या वाडीची खंत मिसळलेली असते; चित्रपट त्या खंतीला स्पर्श करतो, परंतु तिला जाब विचारीत नाही. मित्र यांनी कायद्याने मेलेल्या सत्तेचे भूत दाखविले. आपल्या रूपांतरकारांना जिवंत दलाल दाखविता आला असता. तो दाखविला असता, तर शिष्याने गुरूवर मात केली असती.

योगायोग असा, की ज्या १९८० साली बंगालीत बांछाराम पडद्यावर आला, त्याच साली मराठी रंगभूमीवर गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ आले, आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या हिकमतीने मालवणी बोली पाच हजारांहून अधिक प्रयोग करीत थेट लंडनपर्यंत गेली. त्या नाटकाचा विषय तरी काय, तर गावकऱ्यांनी महाभारतातला प्रसंग आपल्या गावात, आपल्या भांडणांसह, आपल्या ऐपतीप्रमाणे पुन्हा उभा करण्याचा केलेला उपद्‌व्याप. पौराणिक पात्रांच्या पोशाखातून गावातले हेवेदावे बाहेर पडतात आणि मूळ आख्यानाचा बोजवारा उडतो. तरीही त्या गोंधळात गाव जितके खरे दिसते तितके ते शुद्ध पाठांतरात दिसले नसते. रूपांतराची मीमांसा करणाऱ्या विद्वानाने पुष्कळ ग्रंथ चाळण्याआधी ‘वस्त्रहरण’ पाहावे, असे म्हणण्याचा मोह होतो.

सागरापार काय किंवा सह्याद्रीच्या पायथ्याशी काय, रूपांतराचा नियम एकच दिसतो. प्रसंग, पात्रे, इतकेच काय, नटसुद्धा उचलून नेता येतात. परंतु कोण कोणाला भितो, कोणाचा शब्द कोणत्या कागदाच्या जोरावर चालतो, आणि दुबळा मनुष्य सबळावर कशाने कुरघोडी करतो, हे नव्या जागी नव्यानेच शोधावे लागते. ज्यांनी ते शोधले त्यांची कृती मूळ कृतीच्या शेजारी ताठ उभी राहते. ज्यांनी ते टाळले त्यांची कृती, तिच्यावर कितीही पैसा ओतला तरी, एका पर्वात विसरली जाते. ही कसोटी आपल्यालाही पुढे लागणार आहे. २०२५ साली सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ हा चित्रपट आला. प्रभावळकर त्यात सिंधुदुर्गाच्या भूमीतला वृद्ध दशावतारी कलावंत झाले, आणि प्रेक्षकांनी त्याला मोठा प्रतिसाद दिला. उद्या कानडी किंवा मल्याळी निर्मात्याने ती कथा मागितली, तर त्याने दशावताराचा पोशाख नेऊ नये, आपले यक्षगान वा आपले तेय्यम शोधावे, असेच आपण त्याला सांगू. मग जेव्हा आपण दुसऱ्याची कथा आणतो, तेव्हा तोच आग्रह आपल्या निर्मात्यांपाशी धरणे हा मराठी प्रेक्षकाचा हक्क आहे. आणि तो धरण्याची पात्रता यावी म्हणून वाचकांनी ‘बांछारामेर बागान’ आणि ‘नारबाची वाडी’ हे दोन्ही चित्रपट, याच क्रमाने, एकदा अवश्य पाहावेत.